डब्यातल्या संगणकाला आलेली पत्रं

गेल्या अंकात मी घरी बनवलेल्या माझ्या छोट्या संगणकाबद्दल लिहिलं होतं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी दोन ओळी. रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू नावाचा, साडेसहा सेंटिमीटर लांब आणि तीन रुंद एवढासा बोर्ड, ४.२ इंची ई-पेपरचा (कागदासारखा दिसणारा) पडदा, एक जुना कीबोर्ड, पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे दोन १८६५० सेल, आणि हे सगळं तुळशीबागेतून आणलेल्या डब्यात. हिशेब, रोजनिशी आणि हे सदर मी त्याच्यावरच लिहिते. गुरुवारी लाईट गेली की आमच्या सोसायटीत काम चालू असणारी मी एकटीच, असंही त्यात जरा फुशारकीनं लिहून गेले होते. त्याची शिक्षा म्हणून पत्रांचा ढीग आला. त्यातली पाच इथे घेतेय. ज्यांचं पत्र दिसत नाही त्यांनी नाराज होऊ नये, पण जोडणीचा फोटो पाठवताना बोट वायरवरून बाजूला घ्यावं ही विनंती.

प्रश्न: सादर नमस्कार. माझं वय ७१. मुलानं येताना रास्पबेरी पाय फाइव्ह आणला. त्याला सात इंची स्क्रीन जोडून बागेत बसून वाचता-लिहिता येईल असं यंत्र करायचं ठरवलं. बुधवार पेठेतून '९९०० एमएएच' छापलेले दोन सेल आणले. दिवसभर चालेल असं दुकानातल्या मुलानं सांगितलं होतं. पाऊण तासात मान टाकतं. माझी चूक, बोर्डाची की सेलची? (कोथरूडहून)

उत्तर: बोर्डाची नक्कीच नाही. तो बिचारा त्याच्या भुकेप्रमाणे खातोय.

आधी सेलचं बघू. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एवढ्या नळकांड्यात आजच्या घडीला चांगल्यात चांगल्या कंपनीला ३५०० मिलीअँपियर-तासांच्या (म्हणजेच एमएएच) आसपास भरता येतं. ९९०० हा आकडा फक्त कागदाच्या वेष्टनावर मावतो, आत मावत नाही. घरचा काटा काढा आणि सेल ठेवा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तुमचा तीस-पस्तीस भरला तर समजून जा. यासाठी सोन्या मारुतीच्या सराफाकडे जायची गरज नाही, स्वयंपाकघरातला काटा पुरतो. जुन्या बाजारात लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल मिळतात, त्यांचं वजन बरोबर भरतं पण आयुष्य संपत आलेलं असतं. तेही नकोत.

आता भूक. चांगला २६०० चा एक सेल घेतला तर २.६ गुणिले ३.६, म्हणजे साधारण ९.४ वॉट-तास. सेलचे तीन-साडेतीन व्होल्ट पाचावर चढवणारं बूस्ट मॉड्यूल आपली दलाली घेणार, म्हणून हाती आठच धरा. पाय फाइव्ह नुसता बसून राहिला तरी तीनएक वॉट खातो, आणि त्याचा अधिकृत चार्जर पाच व्होल्टला पाच अँपियरचा आहे, ते उगीच नाही. सात इंची स्क्रीन आणखी अडीच-तीन वॉट. झाले सहा. आठ भागिले सहा: सव्वा-दीड तास, तोही अस्सल सेलवर. तुमचे दोन सेल मिळून पाऊण तास टिकले म्हणजे आत किती असेल त्याचा अंदाज तुमचा तुम्हीच करा.

माझ्या डब्याचा हिशेब सांगते. वायफाय बंद, ई-पेपर आणि कीबोर्ड जोडलेला असताना मीटरवर पाच व्होल्टला १८० मिलीअँपियर दिसतात. ०.९ वॉट. म्हणजे एका सेलवर नऊ तासांच्या जरा आत. फरक सेलचा नाही, भुकेचा आहे.

तेव्हा पाय फाइव्ह घरातल्या टीव्हीला जोडा, तिथे तो छान चालेल. मुलानं आणला म्हणून त्याला बागेत न्यायलाच हवा असं नाही. बागेसाठी झिरो टू डब्ल्यू घ्या. आणि ते दोन सेल परत करायला जाऊ नका, कुणी परत घेणार नाही. ते वापरूही नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीत टाकू नका, दाबले गेले तर पेट घेतात.

प्रश्न: मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झिरो टू डब्ल्यू, एक १८६५०, टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल आणि बूस्ट मॉड्यूल अशी जोडणी केली. वायफाय सुरू केलं की बोर्ड रीस्टार्ट होतो. मल्टीमीटर ५.१ व्होल्ट दाखवतोय. दोनदा मेमरी कार्डही करप्ट झालं. बोर्ड खराब आहे का? (धनकवडीहून)

उत्तर: मीटर कुठे लावलास ते लिहिलं नाहीस, पण मी पैज लावते की बूस्ट मॉड्यूलच्या तोंडाशी लावलास. तिथे ५.१ च दिसणार. पाण्याच्या टाकीशी उभं राहून तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी आहे की नाही ते कसं कळणार? मीटरच्या पिना बोर्डाच्या चाळीस पिनांच्या पट्टीवर दुसऱ्या आणि सहाव्या पिनेला लाव. दुसरी पाच व्होल्टची, सहावी ग्राउंडची. मग वायफाय चालू कर. आकडा झुकताना दिसेल. तरीही पूर्ण झोका दिसणार नाही, कारण मीटर सरासरी दाखवतो आणि खड्डा काही मिलिसेकंदांचा असतो. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की मोठे रास्पबेरी पाय स्वतःच कमी व्होल्टेजची नोंद करतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दाखवतात. झिरोच्या घराण्यात ती सोय नाही, म्हणून तुझा बोर्ड काही न सांगताच कोसळतो.

कारणं तीन, आणि बहुधा तिन्ही एकदम. पहिलं, बारीक वायर. जाड आणि आखूड वापर, बोटभर पुरे. दुसरं, मॉड्यूलवर छापलेले दोन अँपियर. ते बाहेर पाच व्होल्टला मिळतील असं कुणी वचन दिलेलं नाही. हिशेब कर: बाहेर पाच व्होल्ट एक अँपियर म्हणजे पाच वॉट. सेल रिकामा होत ३.३ वर आला आणि मॉड्यूलची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सेलमधून १.८ अँपियर ओढावे लागतात. सेल जितका रिकामा तितका जास्त ओढा, आणि जितका जास्त ओढा तितका सेल आणखी खाली. म्हणूनच तुझा बोर्ड सेल पूर्ण भरलेला असताना शहाण्यासारखा वागत असेल आणि अर्ध्यावर आला की नखरे करत असेल. बघ बरं, तसंच आहे ना?

तिसऱ्या कारणानं माझे तीन आठवडे खाल्ले, म्हणून ते सविस्तर. मी तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात मीटर तपासले, तरी घरी बसून मूर्खासारखी बोर्ड बदलत होते. दोन बूस्ट मॉड्यूलं बदलली, कपॅसिटर बदलला, कार्ड बदललं. शेवटी एका रात्री कंटाळून सेल होल्डरच्या स्प्रिंगला हात लागला तर ती कोमट. स्प्रिंग का तापेल? प्रवाहाला तिथेच अडवणूक होत होती म्हणून. दहा रुपयांच्या प्लॅस्टिकच्या होल्डरची ती बारीक स्प्रिंग, त्यावर पातळ मुलामा. स्प्रिंगच्या दोन टोकांना मीटर लावला तर अर्धा अँपियर जाताना तिथेच पाव व्होल्ट गडप. पत्र्याच्या पट्टीचा होल्डर आणला, आजार गेला. (सेलला थेट सोल्डर करायचा मोह होईल. करू नकोस. लिथियम सेल तापवायचा नसतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडून घे.)

याशिवाय बोर्डाच्या अगदी जवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. छोटे खड्डे तो बुजवतो, मोठे नाही.

कार्डाचं म्हणशील तर ते गुन्हेगार नाही, ते मार खाणारं आहे. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइलींची मांडणी बिघडते. सेल संपत आला की आधी संगणक नीट बंद झाला पाहिजे, सेल फार रिकामा होऊ नये म्हणून वीज तोडणाऱ्या संरक्षण सर्किटनं खटका पाडायच्या आत. ते स्वस्त संरक्षण सर्किट २.४ व्होल्टच्या आसपास तोडतं, तोवर तुझा बोर्ड केव्हाच कोसळलेला असतो.

आणखी एक, तू विचारलेलं नाहीस. टीपी४०५६ चार्ज करत असताना त्याच्यावरूनच संगणक चालवू नकोस. सेल भरला हे त्या चिपला प्रवाह कमी झाल्यावरून कळतं. तुझा बोर्ड सतत ओढत राहिला तर तिला वाटतं सेल अजून उपाशी आहे, आणि ती भरवत बसते.

प्रश्न: एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ जुना लॅपटॉप का घेऊ नये? आपण लोकांचा वेळ आणि पैसा वाया घालवता असे वाटते. (सदाशिव पेठेतून. सही केली आहे, पण नाव छापू नये असंही लिहिलं आहे.)

उत्तर: घ्या.

प्रश्न: रामकृष्णहरी. मी शाळेतून निवृत्त झाले. नऊ वर्षं दिंडीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालते. रोज रात्री तंबूत तासभर लिहायची सवय आहे. आतापर्यंत वही होती. पण दोन वर्षांपूर्वी दिवे घाटात पावसानं वही भिजली आणि अर्धी शाई गेली. शिवाय घरी येऊन सगळं पुन्हा टाइप करायचं म्हणजे दिवाळी येते. मोबाइलवर बोटानं एवढं लिहवत नाही, आणि त्याच्या चार्जिंगसाठी रोज कुणाच्या तरी दारात रांग. तुमच्यासारखा डबा वारीत नेता येईल का? मराठीच लिहायचं आहे, इंग्रजी एक अक्षर नको. (नारायण पेठेतून)

उत्तर: माउली, तुमच्या पत्रानं मला दोन संध्याकाळी कामाला लावलं. ज्यांना सगळं हवं असतं त्यांचं यंत्र कधीच पुरं होत नाही. तुम्हाला एकच हवंय: रात्री एक तास मराठी लिहिणं, वीसेक दिवस. हे होतं.

अशी गोष्ट पूर्वी होऊन गेली आहे. १९८३ साली रेडिओ शॅकनं टीआरएस-८० मॉडेल १०० नावाचा संगणक विकायला काढला. वहीएवढा, आठ ओळींचा पडदा, ओळीत चाळीस अक्षरं, आणि चार साध्या पेन्सिल सेलवर सुमारे वीस तास. वार्ताहर मंडळी तो काखेत मारून हिंडायची. मागून उजेड नाही, रंग नाही, फिरणारी तबकडी नाही, म्हणून वीस तास. तुम्हाला नेमकं तेच पाहिजे, फक्त देवनागरीत. आणि खरी मेख तिथेच आहे.

इंग्रजी अक्षरं एकामागून एक उभी राहतात, रेशनच्या रांगेसारखी. आपली तशी राहत नाहीत. 'किल्ला' लिहून बघा. इनस्क्रिप्ट नावाच्या देवनागरी कीबोर्डवर के दाबलं की क येतो, मग एफ दाबलं की ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी टाइप होते नंतर, पण बसते आधी. म्हणजे पडद्यावर आलेला क मागाहून उजवीकडे सरकला पाहिजे. मग ल, पायमोडं, पुन्हा ल. आता दोन ल मिळून एक जोडाक्षर व्हायचं, म्हणजे छापून झालेला ल पुसून दुसरा काढायचा. हे सगळं कुणीतरी करायला लागतं. लिनक्सच्या साध्या काळ्या पडद्याला ते येत नाही, तो एका खणात एक अक्षर ठेवतो आणि वेलांटी भलत्या बाजूला लटकते. हार्फबझ नावाची मोफत प्रणाली ही जुळणी करते, आणि तिच्यासाठी झिरो टू डब्ल्यूमधली ५१२ मेगाबाइट स्मृती भरपूर झाली. तुमच्यासाठी मी याच बोर्डाचा आग्रह धरतेय तो एवढ्यासाठीच. ईएसपी३२ सारखी चिप याहून पुष्कळ कमी वीज खाते, पण तिच्यावर देवनागरीची जुळणी आपल्याला स्वतः लिहावी लागेल. तो वेगळा जन्म.

माझ्या डब्यात भाच्यानं लिहिलेला छोटा पायथॉन प्रोग्रॅम आहे. तो ओळ जुळवून तिचं चित्र करतो आणि चित्र ई-पेपरला देतो. पहिल्या दिवशी गंमत झाली. तो फक्त नवं अक्षर काढत होता, त्यामुळे वेलांटी आली की सरकलेल्या क च्या मागे जुना क फिकट उरायचा. 'किती किमतीची' असं लिहिलं तर ओळीत भुतं नाचायला लागली. आता तो प्रत्येक वेळी अख्खी ओळ नव्यानं काढतो. याला अर्धा सेकंद तरी लागतो, म्हणून बोटं पुढे आणि अक्षरं मागे असं होतं. तुम्ही वहीत लिहिणाऱ्या आहात, तुम्हाला याचा त्रास कमी होईल. सारखं मागे जाऊन खोडणाऱ्यांना फार होतो. फाँट लोहित किंवा मुक्ता घ्या, दोन्ही मोफत आहेत. लहान आकारात मुक्ता मला जास्त वाचनीय वाटतो. ४०० बाय ३०० ठिपक्यांच्या पडद्यावर सुखानं वाचता येतील अशा नऊ-दहा ओळी बसतात.

इनस्क्रिप्ट शिकायला आठवडा लागेल, पण शिकाच. १९९१ च्या भारतीय मानकात हा आराखडा आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, त्यामुळे हात आलटून-पालटून चालतात आणि एकदा बसला की विसरत नाही.

वीज. ०.९ वॉट, रोज एक तास, वीस दिवस: १८ वॉट-तास. तुमच्यासाठी सुटे सेल नकोत. सुटा सेल, पिशवी, किल्ल्या आणि पाऊस हे एकत्र आणायचं नाही. चांगल्या कंपनीची १०,००० ची पॉवर बँक घ्या. तिच्या पोटावर बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी लिहिलेली असते. पाच व्होल्टला ६००० असेल तर ३० वॉट-तास झाले. म्हणजे पूर्ण वारी एकदाही चार्ज न करता निघते, आणि वर फोनची अर्धी तहान भागते. तेवढी फोनला देऊ नका, ती पावसाळी दिवसांसाठी असू द्या.

अट एकच: लिहून झालं की संगणक बंद करून वायर उपटायची. नुसता बंद करून ठेवायचा नाही. माझ्या पहिल्या डब्यात बूस्ट मॉड्यूलवरचा एक लाल दिवा कायम जळायचा. पाच मिलीअँपियर, किती क्षुल्लक! वीस दिवसांचे ४८० तास, गुणिले पाच, २४०० मिलीअँपियर-तास. एक अख्खा सेल त्या लाल टिकलीनं गिळला. मी तो दिवा नेलकटरनं उपटला.

तीन गोष्टी तुम्हाला आत्ता सुचणार नाहीत आणि तिथे गेल्यावर नडतील.

ई-पेपरला स्वतःचा उजेड नसतो. भर उन्हात सुंदर दिसतो, तंबूत काहीच दिसत नाही. कपाळाला बांधायची छोटी विजेरी घ्या.

या बोर्डात घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर तो मागच्या वेळी बंद केल्याची वेळ धरून उठतो. सासवडला लिहिलेल्या पानावर तुम्हाला पुण्यातल्या मुक्कामाची तारीख दिसेल, आणि जेजुरी-वाल्हे होईपर्यंत काहीच ताळमेळ उरणार नाही. डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावा. त्यात मात्र बघून घ्या: बाजारातली बरीचशी निळी मॉड्यूलं आतल्या नाण्यासारख्या साध्या सेलला चार्ज करायला जातात, आणि तो सेल चार्ज करायचा नसतो. त्या वाटेतला एक रेझिस्टर काढून टाकावा लागतो. ज्याच्याकडून बनवून घ्याल त्याला ही ओळ दाखवा. नसेल जमत तर पानाच्या डोक्यावर तिथी हातानं लिहा. वारीत तिथीच बरी.

आणि पाऊस. संगणक झिप लावायच्या पारदर्शक पिशवीत ठेवायचा आणि पिशवीतूनच टाइप करायचं. मी करून पाहिलं, पातळ पिशवीतून कळा नीट दाबल्या जातात. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, औषधांच्या बाटल्यांतल्या चालतील. दर परिच्छेदाला लिखाण आपोआप कार्डावर उतरेल असं करून घ्या. आठवड्यातून एकदा दुसऱ्या कार्डावर प्रत.

वही न्याच. ती पिशवीत असली म्हणजे माणूस निश्चिंतपणे टाइप करतो. बनवून देणारं कुणी नसेल तर कळवा. आषाढाला अजून अवकाश आहे आणि भाचा रविवारी मोकळा असतो, त्याला अजून ते माहीत नाही एवढंच.

प्रश्न: काकू, मी नववीत आहे. मला स्वतःचा लॅपटॉप बनवायचा आहे पण आई म्हणाली आठशे रुपयांच्या वर मिळणार नाहीत. माझ्याकडे १६ बाय २ चा एलसीडी आहे. होईल का? (सहकारनगरहून)

उत्तर: होईल. लॅपटॉप नाही होणार, संगणक होईल. रास्पबेरी पाय पिको घे. मोठ्या पायपेक्षा तो बराच वेगळा आहे, लिनक्स वगैरे त्यावर चालत नाही, पण मायक्रोपायथॉन, म्हणजे पायथॉन भाषेचं छोटं रूप, चालतं. त्यात २६४ किलोबाइट स्मृती आहे. तुला कमी वाटेल. १९८४ च्या सुमाराला 'क्लास' योजनेत आपल्याकडच्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यात ३२ किलोबाइट होती, आणि शाळा त्याची खोली कुलूप लावून ठेवायच्या.

लिथियम सेल तू अजिबात आणायचे नाहीत. पिकोच्या व्हीसिस पिनेला १.८ ते ५.५ व्होल्ट काहीही चालतं. म्हणजे पुन्हा चार्ज होणारे तीन पेन्सिल सेल थेट जोड, मध्ये बूस्ट नको, काही नको. सेल निकेल-मेटल हायड्राइडचे घे आणि त्यांच्या चार्जरमध्येच चार्ज कर.

तुझा १६ बाय २ चा पडदा ठेवून दे. एक तर त्याला बहुधा पाच व्होल्ट लागतील. दुसरं म्हणजे त्यावर स्वतः तयार केलेली फक्त आठ अक्षरं बसतात, प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांचं, आणि दोन खणांमध्ये फट असते. देवनागरीत नाव लिहून बघ, शिरोरेषा फटीपाशी तुटते. करून बघच एकदा, मजा येते. मग ०.९६ इंची ओएलईडी पडदा आण, १२८ बाय ६४ ठिपके, ३.३ व्होल्टवर चालतो. पिको, पडदा मिळून चाळीसएक मिलीअँपियर. सेल दोन हजारांचे असतील तर किती तास चालेल, ते तू काढ आणि मला कळव.

कीबोर्डसाठी वीस पुशबटणं. प्रत्येकाला वेगळी वायर नको. पाच आडव्या, चार उभ्या ओळी, नऊ पिनांत काम होतं. सोल्डरिंग खिडकीपाशी बसून कर, आणि इस्त्रीच्या टेबलावर नको. का ते आईला विचार.

डब्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, सगळ्यांना एकच उत्तर. स्टीलचा घेऊ नका. मी पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात सगळं बसवलं, झाकण लावलं आणि वायफाय नाहीसं झालं. झाकण उघडलं की आलं. धातूच्या बंद पेटीतून लहरी बाहेर पडत नाहीत, हे मी नोकरीत नवख्या मुलांना शिकवायचे. आता तेच झाकण काढून त्या जागी ॲक्रिलिक बसवलं आहे. प्लायवूड किंवा प्लॅस्टिकचा डबा उत्तम. स्क्रू, स्टँडऑफ बोहरी आळीत मिळतात, पण अडीच मिलिमीटरचे मागा. तीनचे पायच्या भोकात जात नाहीत, आणि दुकानदार 'जातील हो' म्हणतो.

दुरुस्ती: गेल्या अंकात माझ्या लेखात 'चार्जिंग मॉड्यूलला सेल उलटा जोडला गेला तरी ते जळत नाही' असं छापून आलं आहे. जळतं. 'नाही' हा शब्द कुठून आला ते संपादकांना आणि मला दोघांनाही सांगता येत नाही. सेल घालण्यापूर्वी अधिक-उणे बघा. धूर आला तर आधी सेल काढा, मग वास घ्या. माझ्या खणात अशी दोन मॉड्यूलं आहेत, पाहायची असतील तर दाखवीन.